गावाच्या मालकीची वीज आणि वादळात धावून येणारी शेजारची गावं

दिवेलागण (शनिवार, रात्री ९:१०)

नमस्कार मंडळी. गेली अकरा वर्षं आम्ही अमेरिकेत आयोवा राज्यात, मक्याच्या शेतांच्या मधोमध वसलेल्या एका लहान गावात राहतो. वस्ती पाच हजारांच्या आत. आल्यावर पहिलं विजेचं बिल हातात पडलं तेव्हा मी कंपनीचं नाव शोधत बसले. नावच नव्हतं, होता तो गावाचा शिक्का. पाणीपट्टी, कचरा आणि वीज, तिन्ही एकाच कागदावर. खांब, तारा, सबस्टेशन, ट्रक, सगळं गावाच्या मालकीचं. लाइनमन पाच. त्यातल्या एकाची मुलगी माझ्या मुलाच्या वर्गात.

१० ऑगस्ट २०२० ला इथे डेरेचो नावाचं वादळ आलं. भोवरा नाही, सरळ रेषेत धावत येणारा वारा. दुपारी आकाश हिरवट काळं झालं आणि पाऊण तासात गावातले निम्मे खांब आडवे. नवरा म्हणाला, पाच माणसं हे कधी उभं करणार? मी महिन्याभराचा हिशोब करून फ्रिजमधलं सगळं शेजाऱ्यांत वाटून टाकलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावर ट्रकांची रांग. प्रत्येक ट्रकच्या दारावर वेगळ्याच गावाचं नाव, काही नावं मी कधी ऐकलीही नव्हती. गॅसवर मोठं पातेलं चढवून पोहे केले आणि आमच्या गल्लीत काम करणाऱ्या आठ जणांना दिले. त्यातला एक वयस्कर लाइनमन दुसऱ्यांदा मागून घेत म्हणाला, "आमच्याकडे बर्फाचं वादळ झालं होतं तेव्हा तुमची पोरं आली होती." नवव्या दिवशी आमच्याकडे लाइट आली.

तेव्हापासून मनात आहे, आज विचारते. एवढी एवढीशी गावं वीज कशी चालवतात? यांचा काही संघ असतो म्हणतात, तो नेमकं करतो काय? आणि आपल्याकडे असं काही का नाही?

मीटरवाला (शनिवार, रात्री १०:०२)

ताई, चांगला विषय काढलात. मी वीज वितरणात बत्तीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. मुलगी टेक्सासमध्ये ऑस्टिनला असते. तिथलीही वीज शहराच्याच मालकीची, त्यामुळे जाऊन-येऊन बरंच पाहिलं आहे.

अमेरिकेत विजेचे तीन संसार आहेत. पहिला भागधारकांच्या खासगी कंपन्यांचा. सर्वांत जास्त ग्राहक त्यांच्याकडे. दुसरा गावाच्या किंवा शहराच्या मालकीचा, त्याला तिथे पब्लिक पॉवर म्हणतात. तिसरा ग्रामीण सहकारी संस्थांचा, तिथे ग्राहक हाच सभासद. तिघांचे संघ वेगवेगळे. तुमच्या गावाचा तो अमेरिकन पब्लिक पॉवर असोसिएशन, स्थापना १९४०. सुमारे २,००० गावं-शहरं या प्रकारात येतात. लॉस एंजेलिस, सिअ‍ॅटल, सॅन अँटोनिओ अशी मोठी नावं त्यात आहेत, पण बहुतेक तुमच्यासारखीच, दहा हजारांच्या आतल्या वस्तीची. देशातल्या दर सात माणसांमागे एकाच्या घरी ही वीज असते.

पाच लाइनमनच्या गावाला स्वतःचा वकील, हवामानाचा जाणकार, सायबर सुरक्षेचा माणूस, वॉशिंग्टनमध्ये बाजू मांडणारा प्रतिनिधी परवडत नाही. वर्गणी भरून हे सगळं संघात मिळतं. संघ स्वतः एक युनिटही वीज विकत नाही.

खेडकर_मामा (शनिवार, रात्री १०:१५)

अहो ही तर सावड! आज तुमच्या शेतात माझे बैल, उद्या माझ्या शेतात तुमचे. आमच्या आजोबांच्या वेळी इर्जिक घालायचे, अख्खं गाव एकाच्या रानात. पोह्याच्या जागी पुरणपोळी असायची एवढाच फरक.

मीटरवाला (शनिवार, रात्री १०:३१)

मामा, अगदी बरोबर, पण ही सावड लिहून ठेवलेली असते. वादळ यायच्या आधीच दोन्ही गावांनी करारावर सह्या केलेल्या असतात. कोणाच्या माणसांचा विमा कोण भरणार, मजुरी-राहणं-डिझेलचा खर्च कोण देणार, हुकूम कोणाचा चालणार, सगळं ठरलेलं. ज्याच्याकडे संकट तो प्रत्यक्ष खर्च देतो, वर नफा नाही. केंद्राच्या आपत्ती निवारण खात्याकडून पुढे भरपाई मागायची तर हा आधीचा लेखी करार फार कामाला येतो.

बोलावणं पायरीपायरीने वर जातं. आधी शेजारची गावं, मग राज्याचा संघ (आयोवात १३० च्या वर गावं या प्रकारची आहेत, त्यांचा स्वतःचा राज्य संघ आहे), मग शेजारची राज्यं, शेवटी देश. प्रत्येक टप्प्यावर एक समन्वयक ठरलेला. २०१२ मध्ये सँडी वादळाने पूर्व किनारा झोपवला, त्यानंतर संघाने ही देशभराची रचना पक्की बसवली. ताईंच्या गल्लीत आलेले ट्रक रस्ता चुकून आले नव्हते.

अटकमटक (शनिवार, रात्री ११:२०)

दिवेलागणताई, पोह्यांवर शेव होती का? आयोवात शेव मिळते?

दिवेलागण (शनिवार, रात्री ११:४४)

शेव होती, देस मॉइनच्या भारतीय दुकानातून आणलेली. कोथिंबीर मात्र वादळाने नेली.

नेब्रास्काची_वहिनी (रविवार, सकाळी ६:५०)

मी तुमच्या शेजारच्याच राज्यात आहे, ओमाहाला. नेब्रास्का हे एकच राज्य असं की अख्ख्या राज्यात खासगी वीज कंपनी घरोघर वीज देत नाही. सगळं सार्वजनिक किंवा सहकारी. आमच्या वीज मंडळाचे संचालक आम्ही मतदानाने निवडतो. शाळा समितीची नावं असतात त्याच मतपत्रिकेवर वीज मंडळाची नावं. पहिल्यांदा मतदान केलं तेव्हा मी आईला पुण्यात फोन करून सांगितलं होतं.

ही मालकी म्हणजे कागदावरची गोष्ट नाही. कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोच्या लोकांनी १९२३ मध्ये मतदान करून स्वतःची वीज संस्था काढायचं ठरवलं. कोर्टकज्जे संपून प्रत्यक्ष वीज द्यायला १९४६ चा डिसेंबर संपत आला. पुढे त्याच संस्थेने रँचो सेको नावाचं अणुवीज केंद्र बांधलं, ते सारखं बंद पडायचं. जून १९८९ मध्ये लोकांनी मतदान करून तेही बंद केलं. मालकी असेल तर असं करता येतं.

संघाकडून गावांना दर्जाही मिळतो. विश्वासार्हता, सुरक्षितता, कामगारांचं शिक्षण, यंत्रणेची सुधारणा या चार गोष्टींत गुण देऊन हिरा, प्लॅटिनम, सोनं अशा पायऱ्या. अर्ज करताना छोट्या गावाला आपल्या नोंदी नीट लावाव्या लागतात. अर्धा फायदा तिथेच होतो असं आमच्या संचालकबाई सभेत म्हणाल्या होत्या.

खार_आणि_राम (रविवार, सकाळी ८:०५)

नोंदींवरून आठवलं. लाइट कधी, किती वेळ, कशामुळे गेली हे सगळ्या गावांना एका पद्धतीने नोंदवता यावं म्हणून या संघाने एक प्रणाली दिली आहे. त्या माहितीतून त्यांनी चक्क खारींचा निर्देशांक काढलाय! खारी डीपीवर चढून शॉर्ट करतात, त्याचे वर्षातून दोन हंगाम, उन्हाळ्याच्या तोंडाशी आणि पानगळीत. एकट्या गावाला वर्षाला चार खारी दिसतात, त्यातून काय कळणार? शेकडो गावांच्या खारी एकत्र मोजल्यावर कळतं की खांबावर संरक्षक टोपी कधी बसवावी.

आमच्याकडे माकडं आणि कावळे. कोणी मोजायला हवेत खरं.

शंकासूर (रविवार, सकाळी १०:४०)

सगळे इतके भारावलेत म्हणून थोडं थंड पाणी ओततो. मी इलिनॉयमध्ये बारा वर्षं आहे.

गावं नुसती मदतीला एकत्र येत नाहीत, वीज विकत घ्यायलाही येतात. त्यासाठी पाच-पन्नास गावांची मिळून संयुक्त संस्था असते. एकट्या गावाला स्वस्त वीज कोण विकणार, म्हणून एकत्र सौदा. कल्पना उत्तम. पण दक्षिण इलिनॉयमध्ये प्रेअरी स्टेट नावाचं १,६०० मेगावॅटचं कोळशाचं केंद्र आहे, २०१२ मध्ये सुरू झालं. अशा संस्थांनी मिळून ते उभारलं आणि त्यांच्या गावांनी काही दशकांचे करार केले. वीज घ्या की न घ्या, पैसे द्यावेच लागतील असे करार. बांधकामाचा खर्च फुगला, बाजारात गॅस स्वस्त झाला आणि काही गावांत दर असे चढले की लोक कोर्टात गेले. जॉर्जियात ४९ गावांच्या संस्थेने व्होग्टल अणुवीज केंद्राच्या नव्या संचांत वाटा घेतला. ते संच २०२३ आणि २०२४ मध्ये, अनेक वर्षं उशिरा सुरू झाले. खर्च ३० अब्ज डॉलरच्या वर. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलने त्यातली वीज घ्यायचं कबूल केलं होतं, त्यांनी करारातून सुटायला कोर्ट गाठलं, शेवटी तडजोड झाली.

गावच्या सभेत पाच सभासद असतात, कोणी औषधवाला, कोणी शिक्षक. त्यांच्यापुढे दोनशे पानांचा करार ठेवला आणि "सगळी गावं सही करतायत" म्हटलं की कोण हात वर करून नको म्हणणार? एकत्र येण्याचा हा धोका बोललाच पाहिजे.

मीटरवाला (रविवार, दुपारी १२:१५)

शंकासूर, तुमचा मुद्दा मान्य. पण दोन संस्थांची गल्लत होऊ देऊ नका. वीज खरेदीची संयुक्त संस्था वेगळी, तिच्या कराराने गाव बांधलं जातं. राष्ट्रीय संघ वेगळा, त्याच्या ठरावाने गाव बांधलं जात नाही, वर्गणी थांबवून बाहेर पडता येतं. आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर साखर संघ कारखान्याच्या वतीने सरकारशी भांडतो, पण एखाद्या कारखान्याने कर्ज काढून डिस्टिलरी घातली तर तो त्या कारखान्याचा निर्णय.

आणि भांडण्याचं काम हलकं समजू नका. पूर्वी सौर किंवा पवन प्रकल्पाला मिळणारी करसवलत गावाला वापरताच येत नसे, कारण गाव कर भरतच नाही. २०२२ च्या कायद्यात ती रक्कम थेट रोख मिळण्याची सोय झाली, त्यामागे या संघाने आणि सहकारी संस्थांच्या संघाने वर्षानुवर्षं केलेला पाठपुरावा आहे. रोहित्रांचंही तसंच. २०२१ नंतर तिथे डीपी मिळेनाशा झाल्या, ऑर्डर दिल्यावर वर्ष-वर्ष वाट. त्यात २०२३ च्या जानेवारीत सरकारने रोहित्रांच्या गाभ्याचं पोलादच बदलायला लावणारा नियम पुढे आणला. दोन्ही संघांनी आक्षेप घेतले आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये अंतिम नियम बराच सैल होऊन आला. पाच लाइनमनचं गाव एकट्याने हे पत्र लिहून काय होणार होतं?

शंकासूर (रविवार, दुपारी १:३०)

गल्लत मान्य, फरक बरोबर सांगितलात. पोलादाच्या बाबतीत मात्र माझं मत वेगळं आहे. नवा गाभा वीज वाचवतो, ती बचत तीस-चाळीस वर्षं टिकते. टंचाई चार वर्षांची. संघ आजच्या अडचणीचं बोलतो, तीस वर्षांनंतरच्या ग्राहकाचं कोण बोलणार?

सावली_उन्हाची (रविवार, दुपारी ३:२०)

पोर्टो रिकोचं, म्हणजे कॅरिबियनमधल्या अमेरिकेच्या अखत्यारीतल्या बेटाचं, कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी तेव्हा फ्लोरिडात परिचारिका होते, आमच्या वॉर्डात तिथून आलेले रुग्ण होते.

२० सप्टेंबर २०१७ ला मारिया वादळ बेटावर आदळलं आणि अख्ख्या बेटाची वीज गेली. वीज संस्था सरकारी मालकीची. मीटरवालाकाकांनी सांगितलेली सावडीची हाक मारली असती तर मुख्य भूमीवरची गावं-शहरं यायला होती. ती हाक सुरुवातीला मारलीच गेली नाही. संस्था दिवाळखोरीत होती, आलेल्या माणसांचा खर्च आपण कुठून देणार ही भीती होती. त्याऐवजी मोंटानातल्या एका कंपनीला ३० कोटी डॉलरचं काम दिलं. वादळाच्या दिवशी त्या कंपनीत पूर्णवेळ नोकर दोन! गदारोळ झाला, ऑक्टोबरच्या अखेरीला ते कंत्राट रद्द झालं आणि मग न्यूयॉर्क आणि फ्लोरिडाला मदत मागितली गेली. शेवटच्या घरांत वीज पोहोचेपर्यंत जवळजवळ अकरा महिने गेले.

आमच्या वॉर्डात एक आजोबा होते, डायलिसिसवर. त्यांची लेक रोज विचारायची, आमच्या गावात लाइट आली का हो? मी रोज बातम्या बघून तिला सांगायची. ते आजोबा परत गेले नाहीत.

खेडकर_मामा (रविवार, दुपारी ३:५०)

वाचून गप्प झालो. सावड मागायलाही उसनं फेडायची ऐपत लागते, हे खरं. आमच्याकडेही ज्याच्याकडे बैल नसायचे तो इर्जिक घालायला कचरायचा.

श्रीरामपूरकर (रविवार, संध्याकाळी ७:०५)

ताईंच्या तिसऱ्या प्रश्नावर अजून कोणी आलं नाही. आपल्याकडे असं काही का नाही? होतं की. आमच्याच घरात होतं.

मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था. १९६९ च्या आसपास देशात प्रयोग म्हणून पाच ग्रामीण वीज सहकारी संस्था काढल्या: महाराष्ट्रात श्रीरामपूरला आमची, कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यात हुक्केरी, तेव्हाच्या आंध्रात सिरसिला, गुजरातेत कोडिनार आणि उत्तर प्रदेशात लखनौ. आणि याचा आराखडा करायला मदत कोणाची? अमेरिकेतल्या ग्रामीण वीज सहकारी संस्थांच्या संघाची. म्हणजे ताईंच्या गावाच्या चुलत भावाची. आमचे वडील संस्थेत वायरमन होते. त्यांच्या पहिल्या पट्ट्याची बकल अजून कपाटात आहे.

श्रीरामपूर, राहाता, राहुरी भागात खांब गेले, विहिरींवर मोटारी बसल्या, ऊस वाढला. लाइट गेली की लोक थेट घरी यायचे, रात्री दोन वाजता सुद्धा. आई आधी पाणी द्यायची आणि मग वडिलांना उठवायची. तक्रार करणारा माणूस सभासद होता, त्याला "उद्या या" म्हणायची वडिलांची हिंमत नव्हती आणि इच्छाही नव्हती.

मोडलं कशामुळे यावर गावात आजही दोन तट आहेत, मी माझं सांगतो. शेतीपंपाचा दर राजकारणाने ठरायचा, वीज मात्र राज्य मंडळाकडून घाऊक भावाने घ्यायची. मधली दरी भरणार कोण? वसुलीही ढिली पडली, त्यात आम्ही सभासदही धुतल्या तांदळाचे नाही. थकबाकी डोंगराएवढी झाली आणि २०११ च्या जानेवारीअखेर परवाना संपला. वितरण महावितरणकडे गेलं. हुक्केरी आणि सिरसिला अजून चालू आहेत.

मला राहून राहून वाटतं, पाच राज्यांत पाच संस्था आणि प्रत्येकीच्या चारही बाजूंना सरकारी मंडळ. ताईंच्या गावाला शंभर मैलांत डझनावारी आपल्यासारखी गावं आहेत. आमच्याकडे वादळ झालं असतं तर कोडिनारहून ट्रक कसा आणि कधी येणार होता? दराचं गाऱ्हाणं मांडायला पाच जण एका आवाजात कुठे उभे राहणार होते? खांब, तारा, घटना, सभासद, सगळं अमेरिकेसारखं आणलं. शेजारी आणता आले नाहीत.

नेब्रास्काची_वहिनी (रविवार, संध्याकाळी ७:४०)

दादा, शेवटचं वाक्य वाचून डोळ्यांत पाणी आलं. बकलचा फोटो टाकाल का?

माहीमचा_मासा (रविवार, रात्री ८:१०)

श्रीरामपूरकरांना नमस्कार. मुंबईतली बेस्ट विसरू नका. ७ ऑगस्ट १९४७ ला महापालिकेने ती ताब्यात घेतली, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत आजही वीज पालिकेचीच. वर्षानुवर्षं विजेच्या नफ्यातून बसचा तोटा भरला जायचा. बरोबर की चूक, हा वाद वेगळा, पण पैसा शहरातच फिरायचा. केरळात त्रिशूरलाही वीज महापालिकेची आहे. बाकी बोटांवर मोजण्याइतकी नावं. श्रीरामपूरकर म्हणतात तेच, शेजारी नाहीत.

तारकर्ली (रविवार, रात्री ९:३०)

मी लाइनमनची बायको. जून २०२० मध्ये निसर्ग वादळ झालं तेव्हा नवऱ्याला इथून रायगडला पाठवलं होतं. आपल्याकडेही माणसं जिल्ह्याबाहेर जातात, फक्त कंपनी एकच असते म्हणून करार लागत नाही. श्रीवर्धनकडे नारळ-सुपारी तारांवर झोपली होती. शाळेच्या वर्गात झोपायचे. एका घरातल्या आजींनी स्वतःचं छप्पर उडालेलं असताना यांना घावणे करून घातले.

मला या धाग्यातून एकच विचारायचं आहे. तिकडे लाइनमनच्या जिवासाठी संघ काय करतो?

मीटरवाला (रविवार, रात्री १०:२०)

ताई, सर्वांत आधी विचारायला हवा होता असा प्रश्न तुम्ही विचारलात.

संघाचं सुरक्षेचं एक पुस्तक आहे, शेकडो गावं तेच वापरतात. हातमोजे कधी तपासायचे, अर्थिंग कसं करायचं, खांबावर एकट्याने कधी चढायचं नाही, सगळं त्यात. आणि दरवर्षी लाइनमनच्या स्पर्धा होतात. त्यात एक प्रकार असा, की खांबाच्या टोकाला माणसाएवढ्या वजनाचा बाहुला टांगलेला असतो, साथीदाराला शॉक लागलाय असं धरून चालायचं. घड्याळ सुरू. लाइनमनने वर चढायचं, दोर बांधायचा आणि बाहुल्याला सुखरूप खाली उतरवायचं. बायका-पोरं खाली उभी राहून बघतात. टेक्सासच्या मैदानात मी हे पाहिलं तेव्हा माझ्या नोकरीतली दोन नावं आठवली. त्यांना उतरवायला आम्हाला उशीर झाला होता.

तारकर्ली (रविवार, रात्री १०:३५)

काका, यांना वाचून दाखवलं. म्हणाले, बाहुला आपल्या सेक्शनला पण बनवता येईल, जुनी गोणी आणि वाळू.

दिवेलागण (सोमवार, सकाळी ७:१५)

रात्रभर सगळं वाचत होते. पोह्यांच्या पातेल्यापासून श्रीरामपूरपर्यंत धागा येईल असं वाटलं नव्हतं.

एक भर घालते. आमचा एक लाइनमन मागे स्वतःहून सुट्टी टाकून दोन आठवडे नवाहो लोकांच्या प्रदेशात गेला होता. अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको, युटाच्या वाळवंटात पसरलेला तो मुलूख, आणि तिथे सुमारे १३,००० घरांत वीज कधी आलेलीच नव्हती. २०१९ पासून तिथली वीज संस्था आणि हा संघ मिळून देशभरच्या गावांमधून लाइनमन बोलावतात. एका घरापर्यंत जायला मैलभर खांब लागतात. त्याने मला फोटो दाखवला होता. एक आजी भिंतीवरच्या बटणापाशी उभ्या, बटण दाबायचं बोट पुढे केलेलं, आणि चेहरा खोलीकडे वळवलेला.

शंकासूरदादा, तुमचं थंड पाणी उपयोगी पडलं. उद्या संध्याकाळी गावच्या वीज समितीची सभा आहे. विषयपत्रिकेत दोन गोष्टी: रोहित्रांची आगाऊ ऑर्डर, आणि एका सौर प्रकल्पातून शेजारच्या गावांसोबत वीस वर्षं वीज घेण्याचा करार. अकरा वर्षांत मी एकदाही या सभेला गेले नाही. करार गावाच्या कचेरीत बघायला ठेवला आहे, एकशे चौसष्ट पानं. आज दुपारी जाऊन बसणार आहे. वीज नाही घेतली तर पैसे द्यायचे का, हे कोणत्या कलमात बघायचं ते कोणी सांगेल का?

शंकासूर (सोमवार, सकाळी ७:५०)

"घ्या किंवा द्या" अशा अर्थाचं कलम शोधा, बहुधा देयकांच्या प्रकरणात असतं. त्याच्यापाठोपाठ "वाढीव हिस्सा" बघा: एखादं गाव बाहेर पडलं किंवा बुडालं तर त्याचा वाटा उरलेल्यांनी किती उचलायचा, हे तिथे लिहिलेलं असतं. त्या पानाचा फोटो इथे टाका, मी दुपारी जेवणाच्या सुट्टीत वाचतो.

श्रीरामपूरकर (सोमवार, सकाळी ८:२०)

मीही वाचतो. बकलचा फोटो वर टाकला आहे.